मुंबईच्या पावसाळी पाण्याची वाट

एखाद्या शहराचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपण त्याचे किल्ले, गोद्या, बाजार, देवळें आणि तेथें होऊन गेलेले मोठे पुरुष यांची गणना करूं लागतों. त्या शहराच्या गटारांचा इतिहास कोणी सांगावा आणि कोणी ऐकावा, असें सहसा मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां शहर जगतें तें जितकें आंत येणाऱ्या पाण्यावर, तितकेंच बाहेर जाणाऱ्या पाण्यावर. विहार, तुळशी, तानसा या तलावांचीं नांवें मुंबईंतील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. परंतु आपल्या घरासमोर पडलेला पाऊस कोणत्या वाटेनें समुद्राला मिळतो, हें मात्र त्या मुलाच्या वडिलांनाही सांगतां येणार नाहीं. अशी कांहीं वाट आहे हें आपल्याला कळतें, तें ती बंद पडल्यावरच!

श्रोतेहो, ती वाट दरवर्षीं कोठें ना कोठें बंद पडते. हिंदमाता, मिलन सबवे, शीव, कुर्ला या ठिकाणांचीं गुडघाभर पाण्यांतलीं तींच तीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत छापून येतात, आणि गटारें वेळेवर साफ झालीं नाहींत असें कारण जो तो सांगतो. हें कारण खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे. गाळ काढलेल्या गटारांतूनही जें पाणी जाऊं शकत नाहीं, त्याचें काय? त्याचें उत्तर यंदाच्या कंत्राटांत सांपडणार नाहीं. तें शोधण्यासाठीं आपल्याला सव्वादोनशें-अडीचशें वर्षें मागें जावें लागेल.

ज्याला आपण आज मुंबई शहर म्हणतों, तो मूळचा सात बेटांचा पुंजका होता हें सर्वांना ठाऊक आहे. पण त्या बेटांच्या मध्यें काय होतें, याचा विचार फारसा केला जात नाहीं. मध्यें होतें खाजण. भरतीला बुडणारें, ओहोटीला उघडें पडणारें, चिखलाचें आणि तिवरांचें. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मध्यें मोठें खिंडार होतें. त्यांतून समुद्राचें पाणी दिवसांतून दोनदां आंत शिरे आणि आज जेथें ताडदेव, कामाठीपुरा व भायखळा या वस्त्या आहेत त्या बाजूपर्यंत पसरे. पायधुणी हें नांव बेटावर पाय ठेवण्यापूर्वीं वाटसरू तेथें चिखलाचे पाय धूत असत म्हणून पडलें, असें सांगतात. या दलदलीमुळें ताप फार. इतका, कीं नव्यानें आलेल्या गोऱ्या माणसाचें आयुष्य येथें दोन पावसाळ्यांचें, अशी म्हणच सतराव्या शतकांतील इंग्रजांत रूढ झाली होती. जेरल्ड आँजिअर या गव्हर्नरानें त्याच शतकांत हीं बुडालेलीं शेतें समुद्रापासून सोडविण्याचा विचार मांडला होता. पण तो तडीस जाण्यास आणखी शंभर वर्षें लागलीं.

तें काम विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दींत झालें. हा १७७१ पासून १७८४ पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारावर त्यानें बांध घातला; तोच हॉर्नबी वेलार्ड. विलायतेंतील संचालकांची मंजुरी येण्याची वाट न पाहतां त्यानें हें काम हातीं घेतलें, अशी आख्यायिका आहे. आपल्या लोकांची आख्यायिका याहून गोड आहे. घातलेला बांध पुन:पुन्हां ढासळूं लागला, तेव्हां रामजी शिवजी नांवाच्या प्रभु गृहस्थाला देवीनें दृष्टांत दिला, समुद्रांतून देवीच्या मूर्ति निघाल्या, त्यांची स्थापना झाली आणि मगच बांध टिकला. महालक्ष्मीच्या देवळाची कथा ती हीच. दोन्ही आख्यायिकांतील इतिहासाचा भाग किती हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट दोहोंतही आहे. समुद्राची वाट अडविणें हें साधें काम नाहीं आणि त्याला कोणाची तरी परवानगी लागते, हें दोघांनाही ठाऊक होतें!

बांधामुळें समुद्र बाहेर राहिला. खाजण हळूहळू सुकूं लागलें, त्यावर रस्ते झाले, तेलंगणांतून आलेल्या कामाठी मजुरांची वस्ती झाली. पण येथेंच मुंबईच्या पुढील सर्व अडचणींचें मूळ आहे. समुद्राचें पाणी ज्या खिंडारांतून आंत येत होतें, त्याच खिंडारांतून पावसाचें पाणी बाहेर जात होतें. खिंडार बुजविलें तेव्हां दोन्ही वाटा एकदमच बंद झाल्या. बांधाच्या आंतील जमीन भरतीच्या पातळीहून खालीं. म्हणजे शहराच्या मध्यभागीं एक मोठी परात तयार झाली. परातीच्या कडेवरून समुद्र आंत येत नाहीं, हें खरें. पण परातींत पडलेलें पाणीही आपोआप बाहेर जात नाहीं, हेंही तितकेंच खरें.

याला उपाय नव्हता काय? होता, आणि तो आपल्या किनाऱ्यावरील शेतकऱ्याला चांगला ठाऊक होता. कुलाबा जिल्ह्यांत, ज्याला आतां रायगड म्हणतात, खाऱ्या जमिनीला बांध घालून भात पिकविण्याची रीत फार जुनी आहे. त्या बांधांत एक लांकडी झडप ठेवतात. तिला तिकडे उघाडी म्हणतात. गोमंतकांत तिचें नांव मानस. ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या जोरानें झडप बाहेरच्या बाजूस उघडते. भरती आली कीं समुद्राच्याच जोरानें ती मिटते. ना यंत्र, ना पहारेकरी. मात्र या रचनेचें दुसरें अंग आहे, आणि त्याकडे शहरवासियांचें लक्ष सहसा जात नाहीं. झडप मिटलेली असतां आंत पडणारा पाऊस कोठें राहावयाचा? शेतकऱ्यानें त्यासाठीं बांधाच्या आंतच सखल तळें राखून ठेवलेलें असतें. पांच-सहा तास पाणी त्या तळ्यांत थांबतें; ओहोटी लागली कीं निघून जातें. म्हणजे पाण्याला दोन गोष्टी लागतात: जाण्याला वाट आणि थांबण्याला जागा. मुंबईचा पुढील इतिहास म्हणजे वाटेचा विचार पुन:पुन्हां करण्याचा आणि जागा पुन:पुन्हां बुजविण्याचा इतिहास आहे.

वाटेचा विचार एकोणिसाव्या शतकांत सुरू झाला. शहराच्या दाट वस्तींतून उत्तरेकडे वाहणारा एक उघडा नाला होता. तो टप्प्याटप्प्यानें बांधून व झांकून काढण्यांत आला आणि वरळीजवळ लव्हग्रोव्ह येथें दारें बसवून तो समुद्राला जोडण्यांत आला. हेंच तें प्रसिद्ध ‘मेन ड्रेन’. पावसाचें पाणी आणि वस्तीचा मैला दोन्ही त्यांतूनच जाऊं लागले. पावसाळ्यांत तें तुंबे आणि उन्हाळ्यांत त्यांतील घाणीनें आसपासची हवा दूषित होई. १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड हा म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याच्या कारकीर्दींत डॉ. ह्यूलेट या आरोग्याधिकाऱ्यानें शहराच्या घाणीवर निर्भीडपणें लिहिलें, आणि हेक्टर टुलॉक या इंजिनियरानें शहराच्या निचऱ्याचा सविस्तर अभ्यास केला. पुढें १८९० सालीं बाल्डविन लेथम या तज्ज्ञानेंही मुंबईच्या आरोग्यव्यवस्थेवर अहवाल दिला. या सगळ्या खटाटोपांतून मुंबईनें एक शहाणपणाचें तत्त्व स्वीकारलें: मैल्याची वाट वेगळी आणि पावसाची वाट वेगळी. शहराच्या पोटांत विटांच्या व दगडांच्या कमानी बांधून जीं पर्जन्यजलाचीं गटारें त्या काळीं घातलीं गेलीं, त्यांतील कित्येकांतून आजही पाणी वाहतें. बांधणाऱ्यांच्या कौशल्याला याहून मोठें प्रशस्तिपत्र काय हवें?

या गटारांचें माप कसें ठरविलें होतें, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. ताशीं एक इंच, म्हणजे सुमारें २५ मिलीमीटर, पाऊस पडेल. त्यापैकीं निम्मा जमिनींत मुरेल अथवा वाटेंत अडेल. उरलेला निम्मा गटारांत येईल. आणि त्या वेळीं समुद्राला ओहोटी असेल, असें तें गणित होतें. एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें शंभर टन पाणी पडतें. म्हणजे दर एकरामागें ताशीं पन्नास टन पाणी नेण्याची जबाबदारी गटारावर टाकली होती. आज हें माप आपल्याला तोकडें वाटतें. पण तें ठरविणाऱ्यांना अडाणी म्हणतां येणार नाहीं. त्यांच्या वेळीं शहराची निम्मी जमीन खरोखरच उघडी होती. वाड्या होत्या, बागा होत्या, शेतें होतीं आणि तलाव होते. गणितांतील तो ‘निम्मा’ कागदावर लिहितांना त्यांना तो खिडकींतून दिसत होता.

तलावांची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. धोबीतलाव, गोवालिया टँक, दोन टांकी हीं नांवें आपण रोज उच्चारतों. पण त्यांतील पाणी कोणीं पाहिलें आहे? हे तलाव दानशूर गृहस्थांनीं व पंचायतींनीं पिण्याच्या आणि वापरण्याच्या पाण्यासाठीं खोदलेले होते. १८६० सालीं विहारचें नळाचें पाणी आलें आणि त्यांची गरज कमी झाली. पुढें १९११ सालीं डॉ. बेंटले यांनीं मुंबईंतील हिंवतापावर अहवाल लिहिला. विहिरी, टांक्या आणि तलाव यांतील सांचलेल्या पाण्यांत डांस वाढतात हें दाखवून दिलें आणि त्यानंतर विहिरी झांकण्याची व पाण्याचे सांठे बुजविण्याची मोहीम जोरांत आली. हिंवतापानें माणसें मरत होतीं. त्यांना वांचविणें हें कर्तव्यच होतें, आणि तें बजावणाऱ्यांना कोणी दोष देऊं नये. पण प्रत्येक तलावाबरोबर पावसाची थांबण्याची एक जागा गेली, हा हिशेब त्या वेळीं कोणीं मांडला नाहीं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें अंधाऱ्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याच्या सखल शेतांवर भर घालून नव्या वसाहती वसविल्या. हवा आणि उजेड मिळाला. भातशेती मात्र गेली. भाताचें खाचर म्हणजे काय? चार बोटें उंचीच्या बांधानें पाणी अडवून धरणारी जमीन. तीं खाचरें गेलीं तेव्हां गटाराच्या गणितांतील ‘निम्मा’ हळूहळू पुरा होऊं लागला.

हें झालें शहराचें. उपनगरांची कथा याहून निराळी, पण तात्पर्य तेंच. साष्टी बेटाचा दक्षिण भाग १९५० व १९५७ या सालीं मुंबईच्या हद्दींत आला. तेथील निचरा उघड्या नाल्यांवर आणि मुख्यत: मिठी नदीवर अवलंबून आहे. विहार आणि पवई या तलावांचें सांडपाणी घेऊन निघणारी ही नदी सुमारें अठरा किलोमीटरांचा प्रवास करून माहीमच्या खाडीला मिळते. डोंगरांतून उतरणारें पाणी खालच्या अंगाला पसरून ओहोटीची वाट पाहत असे. तें पसरण्याचें ठिकाण म्हणजे कुर्ला, वांद्रें आणि धारावी यांमधील तिवरांचें खाजण. निसर्गानें बांधलेलें तें थांबण्याचें तळेंच होतें. पण नदीच्या वाटेंत विमानतळ आला. धांवपट्टीसाठीं तिला काटकोनांत वळणें घ्यावीं लागलीं. किनाऱ्यावर गोठे, भंगाराचीं गोदामें, कारखाने आणि गरिबांच्या झोंपड्या उभ्या राहिल्या. १९७७ पासून खाडीच्या तोंडाशीं वांद्रें-कुर्ला संकुलाची आंखणी सुरू झाली आणि खाजणावर भर पडून तेथें कचेऱ्यांचे मनोरे उठले. गरिबानें नदीचा कांठ घेतला तो जागा नव्हती म्हणून. श्रीमंतानें नदीचें मैदान घेतलें तें जागा मोक्याची म्हणून. नदीच्या दृष्टीनें दोघांत फरक नाहीं. मात्र अतिक्रमण हा शब्द आपण त्यांपैकीं एकासाठींच राखून ठेवलेला आहे.

या सर्वांची पहिली जाहीर सूचना १९८५ च्या जून महिन्यांतील पुरानें दिली. त्यानंतर महापालिकेनें वॉटसन हॉक्सले या सल्लागारांकडून शहराच्या सर्व पर्जन्यजलवाहिन्यांची पाहणी करविली. तिचा अहवाल १९९३ सालीं तयार झाला. ‘ब्रिमस्टोवॅड’ या अवघड नांवानें तो ओळखला जातो. त्यांत जुनें माप बदलावें अशी स्पष्ट शिफारस होती. ताशीं ५० मिलीमीटर पाऊस धरावा, आणि त्यांतील मुळींच कांहीं मुरत नाहीं असें समजावें. आतां गणित करून पाहा. पूर्वीं एकरामागें ताशीं पन्नास टन. आतां दोन इंच पाऊस आणि तो सगळाच्या सगळा, म्हणजे दोनशें टन. एका शतकांत गटारावरील भार चौपट झाला, आणि त्यांतला निम्मा वाढावा आभाळानें केला नसून आपण जमिनीवर घातलेल्या फरशीनें व डांबरानें केला, असाच त्या आंकड्यांचा अर्थ होतो. अहवालांतील कामांचा खर्च सहाशें कोटी रुपयांच्या वर होता. कांहीं कामें झालीं; बहुतेक राहिलीं. अहवाल कपाटांत गेला आणि पुरानें आपली दुसरी सूचना तयार करण्यास प्रारंभ केला.

ती आली २६ जुलै २००५ रोजीं. त्या दिवशीं आणि त्या रात्रीं मिळून चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. मुंबईंत सबंध वर्षांत पडणारा पाऊस दोन हजार मिलीमीटरांच्या थोडा वर. त्याचा तिसरा हिस्सा तरी एका दिवसांत कोसळला. दुपारच्या एका तासांत तर १९० मिलीमीटरांची नोंद झाली. म्हणजे एकरामागें साडेसातशें टनांच्या वर पाणी, आणि तेंही भरतीच्या वेळीं. त्याच दिवशीं कुलाब्याच्या वेधशाळेंत जेमतेम ७३ मिलीमीटर नोंदले गेले. दक्षिण मुंबईंतील कचेऱ्यांत बसलेल्या लोकांना उपनगरांत काय चाललें आहे याची कल्पनाच नव्हती. तीं माणसें नेहमींप्रमाणें घरीं निघालीं आणि वाटेंत अडकलीं. मिठीनें आपलें जुनें मैदान परत मागितलें. कुर्ला, कलिना आणि धारावी हे भाग पाण्याखालीं गेले. विमानतळ बंद पडला. आगगाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. चारशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि मागाहून आलेल्या रोगांनीं आणखी कित्येक नेलीं. अपरिचितांनीं अपरिचितांना घरांत घेतलें, खिडकींतून दोर सोडले, रस्त्यावर चहा वांटला. शहराच्या माणुसकीची तिने परीक्षा घेतली आणि शहर तींत उतरलें. पण माणुसकी हा गटाराच्या व्यवस्थेला पर्याय नव्हे.

या आपत्तीच्या चौकशीसाठीं डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमण्यांत आली. तिचा अहवाल २००६ सालीं सादर झाला. चितळे हे जलशास्त्रांतील जगन्मान्य नांव. १९९३ चें स्टॉकहोम जलपारितोषिक त्यांना मिळालेलें. या चौकशींत जी माहिती पुढें आली, तींत एक बाब अशी आहे कीं ती ऐकून कोणीही थबकावें. मुंबईंतून समुद्रांत व खाड्यांत उघडणाऱ्या पर्जन्यजलवाहिन्यांचीं मोठीं मुखें १८६; आणि त्यांपैकीं भरतीच्या पातळीहून वर असलेलीं केवळ सहा. बाकीचीं सर्व मुखें भरती आली कीं पाण्याखालीं जातात. त्या तासांत शहरांत जोराचा पाऊस झाला, तर गटार कितीही स्वच्छ असो, त्यांतील पाण्याला समुद्राच्या दारांत उभें राहावें लागतें. उघाडी मिटलेली आहे, आणि आंत तळें नाहीं!

त्यानंतर मात्र कामाला वेग आला. मिठीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण झालें. नदीचें पात्र रुंद व खोल करण्यांत आलें आणि तिच्या कांठानें भिंती उठल्या. शहरांत ठिकठिकाणीं पाऊस मोजण्याचीं स्वयंचलित यंत्रें बसलीं. त्यामुळें कुलाब्याचें ऊन पाहून कुर्ल्याचा अंदाज करण्याची वेळ आतां येत नाहीं. २००७ सालीं केंद्र सरकारनें सुमारें बाराशें कोटी रुपये मंजूर केले आणि १९९३ चा अहवाल कपाटांतून बाहेर आला. सर्वांत मोठें काम उपसा-केंद्रांचें. भरतीच्या वेळीं समुद्राकडील दार लावावयाचें आणि आंतील पाणी पंपानें उचलून पलीकडे टाकावयाचें, अशी ही योजना. हाजीअली व इर्ला येथील केंद्रें प्रथम झालीं. २०१५ सालीं लव्हग्रोव्ह व क्लीव्हलंड बंदर, २०१६ सालीं रे रोडजवळ ब्रिटानिया आणि २०१९ सालीं गझधरबांध येथील केंद्रें सुरू झालीं. यांतील एकेक पंप सेकंदाला सहा हजार लिटर पाणी फेंकतो. ज्या लव्हग्रोव्हला मेन ड्रेनचीं दारें होतीं, तेथेंच हे पंप गर्जूं लागले, हा इतिहासाचा योगायोग म्हणावा काय? योगायोग नव्हे, परातीची सखल कड जेथें होती तेथेंच ती आजही आहे. मोगरा व माहुल येथील केंद्रें मात्र बरींच वर्षें अडून राहिलीं. आणि अडलीं तीं जागेसाठीं.

या सुधारणांनीं कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. जेथें पूर्वीं पाणी दिवसभर साठून राही, तेथें तें कांहीं तासांत उतरूं लागलें, हा लाभ लहान नव्हे. परंतु या उपायांची मर्यादाही ओळखली पाहिजे. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं सांताक्रूझ येथें तीनशें मिलीमीटरांहून अधिक पाऊस झाला आणि शहर पुन्हां थांबलें. २०२५ सालीं मोसमी पाऊस २६ मे रोजींच मुंबईंत येऊन ठेपला. नालेसफाईची मुदत मेअखेरची. म्हणजे झाडू हातांत असतांनाच पाहुणा दारांत उभा राहिला, आणि वरळीच्या नव्या भुयारी रेल्वेस्थानकांत पाणी शिरलें. गटाराचें माप कितीही वाढविलें तरी त्याहून मोठा पाऊस केव्हां तरी येणारच. पंपाला वीज लागते, वाहिनीला सफाई लागते, आणि पाणी पंपापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो. खाडीच्या तोंडाशीं नदीचें पात्र खोल केलें, तर ओहोटीला पाणी लवकर उतरतें हें खरें. पण भरतीचें पाणीही तितक्याच सुखानें आंत शिरतें आणि येतांना गाळ घेऊन येतें. शिवाय नाला रुंद करावयाचा म्हणजे कोणाचें तरी घर हलवावें लागतें. तें घर बहुधा अशाचें असतें, ज्याच्या घरांत सर्वांच्या आधीं पाणी शिरतें आणि ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत सर्वांत कमी असते. त्याच्या पुनर्वसनाचा खर्च हा नाल्याच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे. तो वेगळा काढून उपकार म्हणून दाखविण्याची जी संवय आहे, तिच्यामुळेंच कामें न्यायालयांत अडतात आणि पावसाळे निघून जातात.

आतां शेवटची एक गोष्ट सांगतों. हिंदमातेच्या चौकांतील पाणी कांहीं केल्या हटेना, तेव्हां २०२१-२२ च्या सुमारास महापालिकेनें एक निराळा उपाय केला. जवळच्या परळ व दादर येथील मैदानांखालीं तिनें मोठाल्या टांक्या बांधल्या. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळीं आले कीं चौकांतील पाणी त्या टांक्यांत न्यावयाचें. ओहोटी लागली कीं सोडून द्यावयाचें. सांताक्रूझच्या मिलन सबवेजवळही अशीच टांकी झाली. वृत्तपत्रांनीं या कल्पनेचें नवी म्हणून स्वागत केलें. पण ती नवी आहे काय? पणजोबांनीं जे तलाव खोदले आणि आजोबांनीं जे बुजविले, तेच नातवंडांनीं कोट्यवधि रुपये खर्चून जमिनीखालीं पुन्हां खोदले. कोंकणांतील शेतकऱ्याला हें दाखविलें असतें, तर त्यानें एवढेंच विचारलें असतें कीं, उघाडीच्या आंत तळें ठेवावें लागतें हें ठाऊक व्हायला तुम्हांला इतकीं वर्षें कां लागलीं?

मुंबईजवळ अजून कांहीं जागा शिल्लक आहेत. पूर्वेकडील मिठागरें आहेत, खाड्यांच्या कांठचीं तिवरें आहेत, मोकळीं मैदानें आहेत. त्यांवर घरें बांधावीं कीं नाहीं, हा वाद चालू असतो आणि चालत राहील. घरांची गरज खरी आहे. ती कोणी नाकारूं नये. पण अशा प्रत्येक जागेचा विचार होतांना तिच्यावर किती घरें बसतील एवढेंच न विचारतां, तिच्यावर आज किती पाणी बसतें आणि तें उद्यां कोठें जाईल, हाही प्रश्न त्याच टेबलावर, त्याच दिवशीं विचारला गेला पाहिजे. हॉर्नबीपासून आजवर हा प्रश्न नेहमीं बांधकाम संपल्यावर विचारला गेला, आणि त्याचें उत्तर प्रत्येक वेळीं पुढच्या पिढीला द्यावें लागलें. वाट बांधतां येते, रुंदावतां येते, तिच्यावर पंप बसवितां येतात. जागा मात्र एकदां गेली कीं ती परत विकत घ्यावी लागते, आणि तिची किंमत दर पावसाळ्यांत चढत जाते.